पनवेलच्या वाटेवर : शेकरू आणि नीलवंत

आम्हा घाटावरच्या माणसांना पनवेल म्हणजे वाटेवरचे गाव. मुंबईला जायचे असो, अलिबागला जायचे असो की खाली गोव्याकडे, एसटी पनवेलला थांबते, आपण चहा घेतो, पाय मोकळे करतो आणि पुढे जातो. पनवेल पाहायला म्हणून कोणी जात नाही. मीही आजवर कधी गेलो नव्हतो. गेल्या दिवाळीत मात्र ताईचा निरोप आला, 'भाऊबीजेला तू इकडे ये, दरवर्षी मीच यायचे असे थोडेच आहे!' आणि चार दिवस तिथे राहण्याचा योग आला.

ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, एसटीत नोकरीला होते. नोकरीनिमित्त ते पनवेलला आले आणि इथलेच झाले. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावाबाहेर कर्नाळ्याच्या बाजूला अर्धा एकर जमीन घेतली आहे. पुढे चार खणांचे घर, मागे भाताचे दोन तुकडे आणि बांधालगत हौसेने लावलेली लिंबाची चाळीस रोपे. मी गेलो तेव्हा भात कापून उडवी रचलेली होती. शेजारच्या तुकड्यात मात्र भात नव्हता, सिमेंटचे खांब उभे होते. पनवेल २०१६ साली महानगरपालिका झाले. नवी मुंबईचा विमानतळही याच तालुक्यात झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. तेव्हा जमिनीचे भाव काय झाले असतील ते वाचकांना सांगायला नको. दाजी म्हणाले, "पाव्हणं, इथं भात पिकवणारा माणूस आता येडा ठरतो बघा."

भाऊबीजेच्या सकाळी चहा घेतला आणि मी मागच्या दारी गेलो. पाहतो तो दाजी पाठीवर फवारणीचा पंप चढवून उभे आणि त्यांची मुलगी, आमची भाची, त्यांच्या वाटेत हात पसरून उभी!

"बाबा, दोनच दिवस थांबा. माझा दिवाळीचा अभ्यास राहिलाय."

"तुझा अभ्यास होईस्तोवर माझी लिंबं उघडी पडतील त्याचं काय?"

भांडणाचे कारण पाहायला मी वाकलो. रोपे गुडघाभर उंचीची, वर्षाची. कोवळ्या पानांवर पाखराच्या शिटेसारखे काहीतरी चिकटले होते. काडीने हलवले तर ती शीट नव्हे, अळी निघाली. तिच्या मानेमागून तांबूस रंगाचे दोन फाटे असलेले शिंग बाहेर आले आणि आंबूस उग्र वास सुटला. दुसऱ्या रोपावर बोटाएवढी हिरवीगार अळी पान कडेने कुरतडत होती. पाच-सहा रोपांचे शेंडे तर पार खराटा झाले होते.

भाची दहावीत आहे. त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्राण्यांचे वर्गीकरण असा धडा आहे. बाईंनी सुटीत काम दिले होते : आपल्या भागातला एक सस्तन प्राणी आणि एक फुलपाखरू घ्या, दोघांचे वर्गीकरण शेजारी शेजारी मांडा आणि आज त्यांची स्थिती काय, ती जात सुखरूप आहे की धोक्यात, ते लिहा. तिने निवडले होते शेकरू आणि नीलवंत. शेकरू हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. नीलवंत हे राज्यफुलपाखरू. त्यालाच राणी पाकोळी असेही म्हणतात, इंग्रजीत ब्लू मॉरमॉन. त्याला हा मान २०१५ साली मिळाला. राज्यासाठी म्हणून एखादे फुलपाखरू ठरवणारे महाराष्ट्र हे देशातले पहिलेच राज्य. आणि तिचे म्हणणे असे, की बाबा ज्या अळ्या मारायला निघालेत त्यांत नीलवंताच्या अळ्या असू शकतात.

दाजींनी पंप खाली ठेवला. पण म्हणाले, "दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मी कोणाचं ऐकायचा नाही."

असा दोन दिवसांचा वायदा घेऊन आम्ही मामा-भाची बाहेर पडलो.

कर्नाळ्याच्या सावलीत

पनवेलहून पेणकडे जाणारी एसटी पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागते. वाटेत शिरढोण लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म याच गावी १८४५ साली झाला. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. शिरढोण ओलांडले की समोर कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. लांबून वाटते, कोणीतरी आभाळाला अंगठा दाखवतो आहे. पनवेलपासून अंतर बारा किलोमीटर. किल्ल्याभोवतीचे जंगल १९६८ साली पक्षी अभयारण्य म्हणून राखून ठेवले गेले. दीडशेहून अधिक जातींचे पक्षी इथे नोंदले आहेत.

आम्ही पक्षी पाहायला गेलो नव्हतो. फाटकातून आत गेल्यावर रस्त्याचा आवाज हळूहळू मागे पडला. पाऊस नुकताच सरला होता, ओढ्याकाठची माती अजून ओली होती. भाची एका झुडपापाशी थांबली. पाने लिंबासारखी, जरा जाड, चुरगळली तर लिंबाचाच वास. हा माकडलिंबू. लिंबाच्याच कुळातले रानझाड. लिंबू, पपनस आणि हा माकडलिंबू अशा झाडांच्या पानांवरच नीलवंताची मादी अंडी घालते. एका पानावर एक अंडे. पुढचे अंडे दुसऱ्या पानावर. सगळी पोरे एकाच ताटावर बसवायची नाहीत, हा शहाणपणा तिला कोणी शिकवला कोणास ठाऊक.

अर्धा तास गेला. ऊन ओढ्यावर आले आणि झाडीतून एक मोठे फुलपाखरू भिरभिरत खाली आले. पहिल्यांदा मला ते पाखरूच वाटले. पंख पसरले तर पाच-सहा इंच भरावेत. वरचे पंख मखमलीसारखे काळे, त्यांवर निळसर पट्टे. मागचे पंख फिकट निळे, त्यांवर काळे ठिपके. ते ओल्या मातीवर टेकले, सोंड लावून ओल शोषू लागले आणि तेवढा वेळ पंख थरथरवत राहिले. मग उडाले आणि सरळ सावलीत शिरून दिसेनासे झाले. भाची वहीत लिहू लागली. मी मात्र दाजींच्या रोपावरची ती शिटेसारखी अळी आठवत उभा होतो.

पत्ता शोधावा तसे वर्गीकरण

झाडाखाली बसून आम्ही दशम्या सोडल्या आणि भाचीने वही उघडली. वर्गीकरण म्हटले की मोठ्या माणसांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण ती समजावू लागली तेव्हा मला ते पोस्टाच्या पत्त्यासारखे वाटले. पत्रावर आपण देश लिहितो, राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी घरमालकाचे नाव. तसेच प्राण्याचे : सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती. ही रीत स्वीडनच्या लिनियस नावाच्या शास्त्रज्ञाने घालून दिली. प्राण्यांची अशी जोडनावे १७५८ सालच्या त्याच्या ग्रंथापासून धरली जातात.

आता आपले दोन मानकरी घ्या.

सृष्टी दोघांचीही एकच, प्राण्यांची. म्हणजे देश एक.

पण संघापाशीच दोघांची ताटातूट होते. शेकरूच्या पाठीत कणा आहे, म्हणून तो आपल्या, गाईबैलांच्या, मासळीच्या आणि बेडकाच्या संघात, म्हणजे समपृष्ठरज्जू प्राण्यांत. नीलवंताच्या अंगात हाड नाही. त्याचे बळ बाहेरच्या कवचात आहे आणि पायांना जागोजागी सांधे आहेत. म्हणून तो संधिपाद. विंचू, खेकडा, कोळी त्याचे संघवाले.

वर्ग पाहावा तर शेकरू सस्तन, पिलांना अंगावर पाजणारा. नीलवंत सहा पायांचा कीटक.

गणापाशी मात्र शेतकऱ्याने कान टवकारावेत. शेकरूचा गण कृंतकांचा, म्हणजे कुरतडणाऱ्यांचा. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून जन्मभर कुरतडत राहणे त्याला भागच आहे. या गणात आणखी कोण? उंदीर, घूस, साळिंदर. नीलवंताचा गण खवलेपंखी कीटकांचा. फुलपाखराचा पंख धरला की बोटाला जी भुकटी लागते ते हे बारीक खवले. या गणात सगळी फुलपाखरे आणि सगळे पतंग येतात. म्हणजे कपाशीवरची गुलाबी बोंडअळी, हरभऱ्यावरची घाटेअळी, २०१८ पासून आपल्या मक्यावर पडलेली नवी लष्करी अळी, ही सगळी राज्यफुलपाखराची भावकी! आणि रेशमाचा किडाही त्यांच्यातलाच. एकाच भावकीत कोणी घर मोडतो, कोणी घर चालवतो, हे आपल्याला नवीन नाही.

कुल पाहिले तर शेकरू खारीच्या कुळातला. सेतू बांधायला वाळू नेणाऱ्या आपल्या खारूताईचा तो थोरला दादा. नीलवंताच्या कुळाला मराठीत पुच्छ फुलपाखरांचे कुळ म्हणतात, कारण त्यातल्या पुष्कळांच्या मागच्या पंखांना शेपटीसारखे टोक असते. गंमत अशी की नीलवंताला ती शेपटी नाही. आणि शेकरूची शेपटी पाहावी तर अंगाएवढी, कधी त्याहून लांब.

शेवटी नाव. शेकरू म्हणजे रॅटुफा इंडिका. हे नाव एर्क्सलेबेन या जर्मन शास्त्रज्ञाने १७७७ साली दिले. नीलवंत म्हणजे पॅपिलिओ पॉलिम्नेस्टॉर. ते नाव क्रॅमर या डच गृहस्थाने १७७५ साली दिले. इकडे पेशवाईत बारभाईंचे कारस्थान चालू होते तेव्हा तिकडे युरोपात आपल्या सह्याद्रीतल्या जिवांना नावे मिळत होती.

"मामा, नीलवंत पाहिला. आता शेकरू?" भाचीने विचारले.

धोदाणीची वाट

शेकरू पाहायचा तर सह्याद्रीच्या दाट झाडीतच गेले पाहिजे. आपल्या राज्यात त्याचे सर्वांत नावाजलेले घर म्हणजे भीमाशंकर. तिथले अभयारण्य १९८५ साली झाले आणि शेकरूमुळेच ते ओळखले जाते. रायगड जिल्ह्यात मुरुड-रोह्याकडच्या फणसाड अभयारण्यातही तो आहे. पण पनवेलकरांना सर्वांत जवळची जागा म्हणजे माथेरानचा डोंगर. गावाच्या पूर्वेला जी लांबलचक निळी भिंत दिसते ती हीच. पनवेलवरून खाडीकडे जाणारी गाढी नदी याच डोंगरात उगम पावते.

लोक माथेरानला नेरळच्या बाजूने जातात. पनवेलच्या बाजूनेही एक पाऊलवाट आहे. पहाटेची एसटी धोदाणी गावी सोडते आणि तिथून चढून माणूस माथेरानच्या सनसेट पॉइंटवर निघतो. अडीच-तीन तासांची दमछाक. दुसऱ्या दिवशी आम्ही ती वाट धरली. डोंगरातल्या ठाकरवाडीतले एक वयस्क बाबा वर निघाले होते, त्यांच्या मागोमाग आम्ही चालू लागलो.

खालची झाडी विरळ होती. वर चढत गेलो तसा जांभूळ, हिरडा, अंजनी दाट होऊ लागली आणि वाट सावलीत शिरली. एके ठिकाणी बाबा थांबले आणि काठी वर केली. उंच झाडाच्या बेचक्यात काटक्यांचा आणि पानांचा मोठा गोळा अडकला होता. कावळ्याच्या घरट्याहून बराच मोठा. "शेकराचं घर," ते म्हणाले. "असली दोन-तीन करतं. एकात ऱ्हातं, बाकीची तशीच."

दहा मिनिटे गेली असतील. कोणी लाकडी खुळखुळा वाजवावा तसा आवाज वरून आला, आणि मग तो दिसला. खारीला दहा-वीस पटीने मोठी करावी, पाठीला तांबूस-तपकिरी रंग द्यावा, पोट पिवळसर ठेवावे आणि मागे झुपकेदार शेपूट लोंबती सोडावी, म्हणजे शेकरू. वजन दीड-दोन किलो, लांबी शेपटीसकट तीन फुटांच्या आसपास. मागच्या पायांवर उलटा लोंबकळून पुढच्या दोन हातांत फळ धरून तो खात होता. आम्हाला पाहून ओरडला आणि पळाला. फांदीवरून फांदीवर, या झाडावरून त्या झाडावर. वीस फुटांची उडी तो सहज मारतो असे वाचले होते, ते डोळ्यांनी पाहिले.

पण पुढे जे दिसले ते मी विसरणार नाही. डोंगराच्या सोंडेवर दरड कोसळून झाडांच्या रांगेत मोठे खिंडार पडले होते. शेकरू शेवटच्या झाडाच्या शेंड्यापर्यंत गेला. थांबला. पलीकडचे झाड वीस फुटांवर नव्हते, पन्नासावर होते. त्याने मान इकडे तिकडे केली, फांदी वाकवून पाहिली आणि आल्या वाटेने परत फिरला. बाबा म्हणाले, "खाली उतरायचं न्हाई ते. खाली कुत्री, बिबट्या. रान तुटलं की त्याची हद्द झाली."

वही पुरी झाली

वर माथेरानच्या झाडीत बसून भाचीने दुसरा प्रश्न काढला. दोघांची स्थिती काय?

जगातल्या प्राण्यांची धोक्याची यादी, तांबडी यादी म्हणतात ती, एक आंतरराष्ट्रीय संस्था १९६४ पासून ठेवते. या यादीत शेकरू 'किमान चिंता' या रकान्यात आहे. हे वाचून भाचीला बरे वाटले. पण त्याच नोंदीत त्याची संख्या घटत चालली आहे असेही म्हटले आहे. दोन्ही कसे खरे? असे पाहा, शेकरू सह्याद्रीत केरळपर्यंत आहे, सातपुड्यात आहे, पूर्व घाटात आहे. एवढ्या मोठ्या मुलखाची गोळाबेरीज केली तर ती जात लगेच नष्ट होईल अशी भीती नाही. पण एका डोंगरावरचे रान तुटले तर त्या डोंगरावरचा शेकरू संपतो, आणि दुसऱ्या डोंगरावरून चालत येऊन तो ती जागा भरू शकत नाही. तालुक्याची लोकसंख्या वाढते आणि आपली वाडी मात्र ओस पडते, त्यातलाच हा प्रकार. शिवाय त्याची वीण थोडी. एका वेळी पिले एक-दोन, क्वचित तीन.

म्हणून त्याला कायद्याचे कवच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार हा गुन्हा आहे. परदेशी व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या यादीतही तो आहे. माथेरानचा सारा परिसर २००३ सालापासून केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आहे, त्याचाही त्याला आधार. आणि त्याच्या भावकीतला उंदीर? त्याच १९७२ च्या कायद्यात उंदीर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता. ती यादीच पुढे २०२२ च्या दुरुस्तीने काढून टाकली. कायदा गण-कुळ पाहत नाही. जात पाहतो, आणि तिची माणसाशी असलेली सोयरीक पाहतो.

नीलवंताचे तसे नाही. मुख्यतः दक्षिण भारत, सह्याद्री आणि श्रीलंका हा त्याचा मुलूख. पण या मुलखात तो सर्रास दिसतो, मुंबईच्या बागांतसुद्धा. तो धोक्यात आहे असे कोणी मानत नाही. राज्यफुलपाखरू हा मान आहे, पहारा नव्हे. त्याच्यासाठी रान राखावे लागत नाही. त्याला लागते ते एक पान. लिंबाचे, पपनसाचे, माकडलिंबाचे. अंड्यापासून पाखरू व्हायला महिना-दीड महिना, आणि पाखराचे आयुष्य काही आठवड्यांचे. मादी पुष्कळ अंडी घालते. पक्षी, कोळी, गांधीलमाश्या त्यांतली बहुतेक खातात, तरी पुरेशी उरतात. फक्त पान राहिले पाहिजे, आणि त्या पानावर विष नसले पाहिजे.

इथे मला त्या दोघांतला खरा फरक उमगला. शेकरू वाचवणे तुमच्या-माझ्या एकट्याच्या हातात नाही. सगळ्या गावाने, वनखात्याने, सरकारने मिळून झाडाला झाड लागून ठेवायचे, तर तो राहील. नीलवंताला सरकार काही करू शकत नाही. तो कोणाच्या परसात जगेल आणि कोणाच्या परसात मरेल, हे पंप ज्याच्या पाठीवर आहे तो ठरवतो.

आणि ठरवणाऱ्याची बाजूही आहे. ती या लेखात लिहिली नाही तर वाचक मला माफ करणार नाहीत. कर्नाटक-केरळात शेकरू नारळ आणि कोकोची फळे पोखरतो, आपल्या कोकणातले बागायतदारही त्याच्या नावाने बोटे मोडतात. शहरातल्या माणसाला तो चित्रात गोड दिसतो, नारळ ज्याचा जातो त्याला नाही. राज्याचा मान राज्याने सांभाळावा आणि भार एकट्या शेतकऱ्याने वाहावा, हे बरोबर नाही. नुकसान झाले तर भरपाई वेळेवर हातात पडली पाहिजे. पोट भरलेला शेतकरीच रान राखू शकतो.

तिसरा दिवस

तिसऱ्या दिवशी सकाळी दाजी पंपापाशी उभे होते. भाची वही घेऊन गेली. तिने काय काय सांगितले ते मी ऐकले नाही. दाजींनी शेवटी एवढेच विचारले, "बरं, मग यातली नीलवंताची कुठली आणि दुसरी कुठली?"

हा प्रश्न बिनतोड होता. लिंबावर अंडी घालणारे फुलपाखरू नीलवंत एकटाच नाही. पिवळ्या-काळ्या रंगाचे लिंबाचे फुलपाखरू तर लिंबाच्या रोपवाटिकेचा जुना शत्रू. त्या साऱ्यांच्या अळ्या लहानपणी शिटेसारख्याच, मोठेपणी हिरव्याच. भाचीला ओळखता येईना. मलाही नाही.

"म्हणजे एकासाठी दहांना खाऊ घालायचं," दाजी म्हणाले.

वाद ताईने मिटवला. घराच्या मागे एक जुने पपनसाचे झाड आहे, आधीच्या मालकाने लावलेले. ती म्हणाली, "त्याची पानं कोण मोजतंय? रोपांवरच्या अळ्या उचला आणि त्याच्यावर सोडा." यात शहाणपण होते. मोठ्या झाडाला दहा-वीस अळ्या जड नाहीत, त्याला पुन्हा पालवी फुटते. नुकसान होते ते वर्ष-दोन वर्षांच्या रोपांचे, आणि चाळीस रोपांवरच्या अळ्या हाताने वेचणे हे दोन माणसांचे तासाभराचे काम. आम्ही चौघांनी ते केले. पानासकट अळी खुडून पपनसाच्या कोवळ्या फांदीवर ठेवायची, इतकेच. बोटांना दोन दिवस तो आंबूस वास येत होता. पंप भिंतीला टेकून तसाच राहिला. पुढे आठवडाभर रोज सकाळी रोपे पाहायची असे ठरले, कारण एकदा वेचून भागत नाही, नवी अंडी पडतच राहतात.

मी गावी परतलो. मार्गशीर्षात ताईचा फोन आला. खराटा झालेल्या सहा रोपांपैकी चारांना पालवी फुटली होती, दोन वाळली. दाजींनी त्या जागी नवी लावली. भाचीने पपनसावरच्या पाच कोषांवर नजर ठेवली होती. एक कोष काळा पडून वाया गेला, तीनांतून पिवळी-काळी निघाली. "दहांना खाऊ घाला म्हणालो होतो ना," दाजी मागून बोललेले मला ऐकू आले.

पाचव्यातून नीलवंत निघाला. पंख वाळेपर्यंत तो तासभर फांदीला लटकून होता. दाजी अंगणातून हलले नाहीत आणि कोंबड्यांना तिकडे फिरकू दिले नाही, असे ताईने सांगितले.

आपल्यापैकी पुष्कळांच्या परसात लिंबाचे नाही तर पपनसाचे एखादे जुने झाड असेल. फवारणीच्या दिवशी त्या एका झाडाला वगळा. रोपांवरच्या अळ्या पोराबाळांना हाताशी घेऊन वेचा आणि त्या झाडावर सोडा. पोरांना वर्गीकरणाचा धडा पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळेल. आणि तुमच्या गावाच्या डोंगरावर अजून झाडाला झाड लागलेले असेल, तर त्यात खिंडार पाडायचा ठराव ग्रामसभेपुढे येईल तेव्हा हात वर करण्याआधी एकदा मान वर करून त्या शेंड्यांकडे पाहा.